पत्ता अपूर्ण

लॅबमधून फोन आला, "नाव बरोबर आहे ना? पेशंट बाई आहे का?"
म्हटलं, मीच. सुहृद कोरगावकर, वय सत्तावीस,
परळ पोस्टात सॉर्टर.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
"उद्या परत रक्त द्यायला या."

धाप तीन महिन्यांची.
काळाचौकीचा जिना मला मधल्या मजल्यावर बसवायचा.
कोणी म्हणे टीबी, कोणी म्हणे पिशव्यांची धूळ.
एक्स-रेत हृदयाला खेटून
पांढरं काहीतरी, हृदयाहून थोरलं.

वहिनीला तेव्हाच दिवस गेलेले.
तिच्या रक्तात जे, तेच माझ्या रक्तात:
अठरा हजार चारशे.
आईने दोन्ही रिपोर्ट साडीच्या दुकानाच्या एकाच पिशवीत ठेवले
आणि पेढ्यांचा विषय काढला नाही.

सुईने तुकडा काढल्यावर झारापकर डॉक्टरीणबाईंनी
पॅडवर चित्र काढलं. आईच्या पोटात तू तांदळाएवढा,
तेव्हा काही पेशी निघाल्या,
ज्यांच्यापासून पुढे मुलं व्हायची.
त्यांनी जायचं होतं कुठे, काही राहिल्या छातीत.
"सत्तावीस वर्षं?"
"गप्प बसून."

हे मला कळलं.
आमच्याकडे खाकी कपाटाचा खालचा खण असतो.
कुणी फाडत नाही, कुणी पोचवत नाही.

"दुर्मिळ आहे. पण औषधाला ऐकतं, बऱ्याचदा."
'बऱ्याचदा' मी वेगळ्या कप्प्यात टाकला.

पहिल्या सलाइनआधी एक डबी, एक बंद खोली,
भिंतीवर काश्मीरचं कॅलेंडर.
बाहेर येऊन लेबल लिहिलं: नाव, चाळ, खोली, पिन ४०००३३.
सिस्टर हसली, "पिन लागत नाही."
मला लागतो.

चार फेऱ्या. पुढे छाती उघडायची,
म्हणून फुप्फुसांना जपत एक औषध बदललेलं.
मोरीपाशी मी आणि वहिनी आळीपाळीने ओकायचो,
आधी कोण, यावरून भांडायचो.
कानात रात्रभर शिक्के मारायचं मशीन.
माझा आकडा उतरला: दोन हजार शंभर, शहाण्णव, तीन.
तिचं पोट दिसायला लागलं.

उरोस्थी कापून जे काढलं ते मेलेलं होतं बहुतेक.
थोडी कूर्चा, दोन केस.
केस! डोक्यावर एक नव्हता तेव्हा.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त. मग पुन्हा.
पिशवी उचलायची नाही अजून, म्हणून मला बसून काम.
आज एक पाकीट आलंय. नाव आहे, गल्ली नाही.
डबा खायची वेळ झाली तरी
मी ते उजेडात धरून बसलोय.