बिल्ला

हर्षदाचा फोन रात्री साडेअकराला येतो.
तिकडे तेव्हा आठ वाजतात,
म्हातारी जेवून आडवी झालेली असते.

माल्टा. मला अजून नकाशात सापडत नाही,
इटलीच्या बुटाखाली सांडलेला चुरा म्हणे.
म्हातारीचं नाव चेन्सा, वय एक्क्याण्णव,
गाव झेयतून, म्हणजे आपलं जैतूनच.
शब्दही तेलासारखे, कुठून कुठे पसरतात.

आज काय बोलली तुझी चेन्सा?
तर म्हणे, तिच्या लहानपणी घरात भट्टी नव्हती कुणाच्या.
दगडी चूल तेवढी, तिच्यावर दिवसभर काहीतरी रटरटायचं,
सशाचं, नाहीतर नुसत्या बाकल्याचं.
रविवारी मात्र बायका परात घेऊन बेकरीत:
बटाट्याचे काप, कांदा, बडीशेप,
मधे मांस, असलंच तर.
बेकर परातीला पत्र्याचा बिल्ला लावी,
जोडीचा बिल्ला पोरीच्या मुठीत.
चर्च सुटेपर्यंत अख्ख्या गल्लीला वास
आणि मूठ घामेजलेली.

मी गप्प झाले.
मावशी, आहेस ना?

रावपुऱ्यात गनीभाईची भट्टी होती.
दिवाळीआधी आम्ही पोरी
नानकटाईचे पत्रे घेऊन रांगेत,
कोपऱ्यात खडूने आडनाव: गुप्ते, पागे, शिर्के, अमीन.
खडू आगीत जातो.
गनीभाई लक्षात ठेवायचा.

बाबांची गिरणी बंद पडली त्या वर्षी
आईने डालडा घातला, वर जुना पंचा झाकला.
कुणी विचारलं तर तूपच म्हण.
कुणी विचारलं नाही.
पण भट्टीतून बाहेर येताना वास खोटं बोलत नाही.
गनीभाईने आमचा पत्रा शेवटी काढला,
सगळ्या गेल्यावर.
उशीर झाला म्हणून मी रडले होते.
तीस वर्षांनी, कणीक मळता मळता,
एकदम कळलं.

तिला विचार, मी हर्षदाला म्हटलं,
ज्या रविवारी मांस नसायचं, तेव्हा?

उत्तर दुसऱ्या रात्री आलं.
तेव्हा परातीवर फडकं, घट्ट.
बेकर ते स्वतः काढायचा,
भट्टीच्या तोंडाशी, सगळ्यांकडे पाठ करून.

एकदा बिल्ला परत द्यायचा राहिला म्हणे.
शिवणाच्या डब्यात आहे अजून.
हर्षदाने फोटो पाठवला,
गंजका तुकडा, आकडा झिजलेला.
मोठा करकरून पाहिला मी.
सतरा असावा.
किंवा सत्तर.