काटा

सिंबूच्या डोंगरात कॉफी सुकली
की शनिवारी माणसं पोती पाठीवर घेऊन उतरतात,
आणि सुरूच्या फांदीला टांगलेला वजनकाटा
माझ्या ताब्यात असतो.
दहा वर्षं झाली. सोसायटीच्या वहीतलं
वेमिनचं अक्षर ओळखतात लोक,
थोडं डावीकडे कललेलं.

काल रांगेत केरेंगा होता.
रांग बोलायची थांबली.
एका बाईनं झोळीतलं मूल
या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.
बाकी काही नाही.

त्यानं माझ्या सिउनेला मारलं,
नदीपलीकडच्या जमिनीच्या एका पट्ट्यासाठी,
जिथं आज कुणाचंच रताळं उगवत नाही.
कोर्टात साक्षीदारांना काही आठवलं नाही.
भरपाईची सतरा डुकरं आली;
मी एकाचाही घास घेतला नाही.
दीर कोयत्याला धार लावत म्हणाले,
काट्यानं काटा काढू, वहिनी,
तू फक्त मान हलव.

मी मान हलवली नाही.
रविवारी पास्टरनी माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले.
बायकांनी माझे हात हातात घेतले.

पण तुला माहीत आहे, प्रभू.
तुलाच फक्त.
फांदी ठेंगणी आहे,
पोतं जमिनीपासून वीतभर वर लोंबतं,
आणि तीन हंगाम मी त्याच्या पोत्याखाली
हळूच माझा चवडा सरकवला.
दोन किलो. कधी अडीच.
सूड म्हणावा एवढाही नाही,
मीठ आणि साबणाची वडी येईल, तेवढा.
मापात पाप आणि तोंडात स्तोत्र.
रात्री पडल्या पडल्या हिशेब करायची:
सिउनेचं वजन किती होतं?
किती हंगामांत फिटेल?
बेरीज एकदाही जुळली नाही.

काल त्यानं पोतं आकड्याला अडकवलं.
माझा पाय निघाला, सवयीनं.
आणि तो खाली बघत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला,
"माझ्या पाठीला वजन कळतं, वेमिन.
पहिल्या वर्षापासून कळतं.
राहू दे. घे."

त्याला वाटत होतं, तो फेडतोय.

पाय तिथंच थिजला.
अंगावर काटा आला, मग संताप,
इतका, की कोयता चालला असता त्या क्षणी.
दोन किलो?
माझा मुलगा
मिठाच्या पुड्यांत मोजून घेत होते मी,
आणि हा निवांत झोपत होता,
हप्ता भरल्यासारखा.

नाही, केरेंगा.
इतक्या स्वस्तात नाही सुटायचास.
जो सगळ्याचं वजन करतो,
ज्याला सिउनेच्या डाव्या गालावरचा व्रणही माहीत आहे,
त्याच्यासमोर उभा राहा.
तिथं साक्षीदार विसरत नाहीत.
आणि मीही उभी राहीन तिथं, माझ्या चवड्यासकट.

मी पाय मागे घेतला.
सुई थरथरली, थांबली.
साडेअडतीस.
मोठ्यानं वाचलं. वहीत लिहिलं.
त्याचे हात रिकामे लोंबत राहिले,
काय करावं त्यांचं, त्याला कळेना.

क्षमा?
नाही अजून. खोटं कशाला बोलू तुझ्याशी.
आज सकाळी उठल्या उठल्या
तो हिशेब परत मागितला मी तुझ्याकडे.
तू दिला नाहीस.
उद्याही मागेन बहुतेक.

पण काल मात्र
तोंड पुसलं, काटा शून्यावर आणला,
आणि म्हटलं,
पुढचं पोतं.