बैठकीचा हिशेब

कुताइसीत, रिओनी नदीच्या काठाला आमची नऊ टेबलं.
ओतार भट्टी सांभाळतो, मी वही.
वहीतली रेघ तीन वर्षं उतरत होती,
जिना उतरावा तशी, घाई न करता.

तिबिलिसीहून नातिया आली. पांढरे बूट, खिशात लेसरची डबी.
आधी भिंती मोजल्या. मग शनिवारी कोपऱ्यात बसून
एका कॉफीवर चार तास
माणसं मोजली.
निघताना म्हणाली,
"मक्वाला, तुमच्याकडे माणसं बसतात,
म्हणून धंदा बसलाय."

मी हसले. ओतारनं भट्टीचं झाकण लावलं.

चौदा माणसांचं अक्रोडाचं टेबल मागच्या शेडमध्ये गेलं,
सासूबाईंचे गालिचे त्याच्यावर गुंडाळून.
आवाज घुमू दे, नातिया म्हणाली,
गोंगाटात माणूस भरभर चावतो.
भिंतींना विटेचा रंग. दिवे इतके खाली
की खाचापुरीवरचं लोणी चमकावं
आणि खाणाऱ्याचा चेहरा अंधारात राहावा.
गल्ल्यामागे आरसा: बारा बाटल्यांच्या चोवीस झाल्या,
एक तेत्रीही न घालता.
आणि खुर्च्या. त्यांच्यावर तिनं सगळ्यांत जास्त वेळ घालवला.
बैठक दोन बोटं अरुंद, पाठ ताठ,
पुढची कड जेमतेम टोचेल अशी.
बूड टेकलं पाहिजे, ती म्हणाली,
पण रुतलं की बुडालात.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.
मे महिन्यात एका टेबलावर रात्रीत तीनदा ताटं फिरली.
सुताराचे पैसे ऑगस्टात फिटले.
छत गळायचं थांबलं. इयाचे दात सरळ करायला घेतले.
वहीतली रेघ वळली तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून
तिच्यावरून बोट फिरवलं.

बेसारिओन तेवढा राहिला.
बसगाड्यांच्या गॅरेजातून निवृत्त, मेजवानीचा म्होरक्या.
चौदांच्या टेबलावर तो आधी देशाला, मग पाहुण्याला, मग आयांना
एकेक प्याला वाहायचा, आणि अकराच्या सुमाराला
गेलेल्यांच्या नावाचा उचलायचा.
त्यातली निम्मी नावं मला तोंडपाठ आहेत.
आता दोघांचं टेबल, समोर एकटा गुराम.
आयांपर्यंत पोचेपोचेपर्यंत
त्याची पाठ बोलू लागायची.
पावणेनऊला कोट चढवून तो निघायचा.
गेलेले तसेच राहायचे.

आम्ही कुणाला ऊठ म्हटलं नाही.
ते काम खुर्ची करत होती, बिनपगारी.

नोव्हेंबरात पर्यटक आटले. नातियाला फोन केला.
ती म्हणाली, खिडकी ओस दिसते, ओस खिडकी बघून कोण आत येईल?
ते मोठं टेबल काढा, काचेला लावा,
आणि तो म्हातारा, हात वर करून बोलतो तो,
त्याला बसवा. जुन्या खुर्चीवर.
दिवा वरून नको. बाजूनं.

मी बेसारिओनच्या दारातच सांगून टाकलं: वाइन आमच्याकडून.
"म्हणजे मी पडदा," तो म्हणाला.
"नाही," मी म्हणाले, आणि पुढचं काही सुचेना.
"असू दे. पडद्याला एक उशी द्या."

आता त्याच्याभोवती रोज दहा-बारा जण जमतात.
रस्त्यावरचे थबकतात, मोबाइल उचलतात,
मग आत येऊन अरुंद खुर्च्यांवर बसतात,
पंचेचाळीस मिनिटं.
अकराला तो उठतो. नावं तीच, क्रम तोच,
फक्त तोंड रस्त्याकडे.
काल मधलं एक नाव त्यानं गाळलं.
माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं.
बायकोचं. काचेसमोर नाही घेतलं.

रात्री वहीत लिहिलं:
लाल वाइन, चार जग. बेसारिओन.
खातं: सजावट.