दक्षिणेची चिमणी

नळी गिरणीतूनच आणली.
कागदाचं रीळ ज्याभोवती गुंडाळतात
तो पुठ्ठ्याचा गाभा, बोटभर जाड.
फोरमन म्हणाला, ने, सरपणाला होईल.
तिला होडीचा काळा रंग दिला.
आरसा मात्र सौनात बसून घासला, अख्खा हिवाळा.
आंघोळीसाठी हेल्वीने दार ठोठावलं की म्हणायचो,
अजून जरासा खोलगट व्हायला हवा,
केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका.
ती म्हणायची, तुझं डोकं पुरेसं खोलगट आहे, बाहेर ये.

पहिल्या वहीचं पहिलं पान:
नऊ जानेवारी, बहात्तर. उणे सव्वीस. वारा नाही.
शाई गोठते, म्हणून पेन्सिल.
पापणी भिंगाला चिकटते, म्हणून
श्वास धरून बघायचं, मान वळवून सोडायचा.

तिमिंगलाच्या मानेतला तो एकच तारा.
अकरा महिन्यांनी एकदा फुलतो, लालसर,
दुर्बिणीशिवाय दिसतो,
मग उतरत उतरत जातो
ओल्या काडीवरच्या ठिणगीसारखा.
त्याला मोजायची रीत साधी आहे:
शेजाऱ्यांकडे बघायचं.
याच्याहून उजळ. त्याच्याहून मंद.
आमच्या गल्लीत सगळे एकमेकांना असंच मोजतात,
फक्त वहीत लिहीत नाहीत.

पण दक्षिणेला चिमणी होती.
थंडीत तिची वाफ खांबासारखी उभी राहायची,
रात्रपाळीच्या दिव्यांनी नारिंगी व्हायची
आणि नेमकी माझ्या ताऱ्यावर ओणवायची.
छत्तीस वर्षं वहीत एकच रडगाणं:
गिरणी. दिसला नाही.
गिरणी.
वाऱ्याने वाफ हलली, तीन मिनिटं दिसला.
गिरणी.
दिवसा तीच वाफ मी बनवायचो,
दोन नंबरच्या यंत्रावर, वाळवणीच्या रुळांपाशी.
तिच्यावरच घराचे हप्ते फेडले,
आणि रात्री तिलाच शिव्या दिल्या.

उन्हाळ्यात आमच्याकडे रात्रच होत नाही.
मे ते ऑगस्ट नळी लाकडांच्या खोपीत टांगलेली.
एकदा पाकोळ्यांनी तिच्यात घरटं केलं,
पिल्लं उशिरा उडाली,
त्या सप्टेंबरचं पान कोरं आहे.
हेल्वीने कोपऱ्यात लिहून ठेवलंय: पाच पिल्लं.

मग एका डिसेंबरात गिरणी बंद झाली.
शेवटच्या पाळीला रुळावर हात ठेवला,
तो गार होता.
घरी येऊन बर्फ बाजूला केलं, नळी उभी केली.
दक्षिण इतकी मोकळी
की आधी वाटलं, दिशा चुकली.
आणि तारा ऐन भरात,
पाइनच्या शेंड्यांवर, कुणाच्या आडोशाविना.
कुंपणाच्या फटीतून ताउनो आला.
तीस वर्षांचा शेजार, पण दुर्बिणीशी कधी फिरकला नव्हता.
डोळा लावला. म्हणाला, हं.
खूप वेळाने विचारलं, किती लांब?
प्रकाशाला तीनशे वर्षं लागतात, मी म्हणालो.
म्हणजे त्याला अजून कळलं नसेल,
असं म्हणून तो घरी गेला.
वहीत लिहिलं: दक्षिण स्वच्छ.
पुढे पेन्सिल चालेना.

आता उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय.
डाव्याने तारा पिवळट, उजव्याने जवळजवळ गुलाबी.
मधल्या दहा वर्षांच्या नोंदी कुणाच्या मानायच्या,
ताऱ्याच्या की माझ्या बुबुळाच्या?
खोडल्या नाहीत. समासात प्रश्नचिन्ह घातलं.

त्याचा बहर दर वर्षी महिनाभर आधी येतो.
आता सरकत सरकत उन्हाळ्यात पोचलाय.
पुढची तीन-चार वर्षं
आमच्या उजेडात येऊन, न दिसता जाईल.
मी अठ्ठ्याहत्तर.

काल नळी खोपीत टांगली.
तिच्या तोंडात कोंबायचा हेल्वीचा लोकरी मफलर,
जो आता कुणी परत मागत नाही,
हातात घेतला, घडी घातली,
खिशात ठेवला.
यंदा तोंड उघडंच ठेवलंय.