शेरा

सकाळी दहाला कुलूप, दार दोनदा ढकलून.
आधी दिवा नाही. आधी तापमान:
त्रेचाळीस. आर्द्रता: अठरा.
सोलापूरचा मे आकड्यात लिहिला
की जरा सोसण्यासारखा वाटतो.
कोपऱ्यात उघड्या तोंडाचा माठ आहे,
कल्लप्पा प्रत्येक नव्या माणसाला बजावतो,
हा पिण्याचा नव्हे, हा कापडाचा.

मग कसर.
टॉर्च तिरपी धरून घडीच्या पोटात बघायचं.
मग नोंदवही: माझ्या आधीच्या चौघांची अक्षरं,
एकाची शाई कुठल्याशा गळतीत फुललेली.
लोकांना वाटतं मी वस्तू सांभाळते.
बहुतेक वेळ मी रकाने सांभाळते.

यंदा समितीचं पत्र आलं. जागा नाही.
फुटके, दुबार, सदोष, असे एकवीस नग
कारणासह निर्लेखनासाठी कळवावेत.
यादी मीच केली.
नग सतरा: चादर, सुती, जकार्ड, मोरांची जोडी.
उजव्या मोरास डोळा नाही. सदोष.
सही. खाली शिक्का,
जरा जोरातच उमटलेला.

मंगळवारी ती आली.
(इस्तारव्वा म्हणू. खरं नाव दुसरं आहे.)
विडी घरकुलातून, दोन रिक्षा बदलून,
बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी.
‘माझी चादर बघायची होती बाई.
जुने साहेब होते तवा दिलती.’
देणगीदारास पूर्वसूचनेने वस्तू पाहता येते.
पूर्वसूचना नव्हती.
कल्लप्पा माझ्याकडे बघत राहिला.
मी पेटी उघडली.

हातमोजे तिला मोठे झाले.
चष्मा नव्हता, तरी बोट नेमकं तिथंच गेलं,
जिथं डोळा नव्हता.

‘चुकलं नाही ओ ते.
पोरगी झालती. गड्ड्याच्या दिवसांतली थंडी.
चांगला माल कारखानदाराचा,
नापास झाला तर पगारात कापून आपल्या घरी.
रातपाळीला पुठ्ठ्याची भोकं बुजवली यांनी,
माझ्याच विड्यांची लेबलं, खळ लावून.
पहाटे परत काढली.
मुकादम शिव्या देलालता
आणि हे खाली मान घालून उभे,
हसू दिसू नये म्हणून.’

तीन थंड्या पांघरली पोरीनं, म्हणाली.
चौथीचं मी विचारलं नाही.

मग मोजे काढून नीट घडी घालून दिले
आणि दारातून वळली:
‘लिहू नका पण. चोरात नाव यायचं त्यांचं.’

वस्तूबद्दल कळलेलं सगळं लिहावं,
न लिहिलेलं आपल्याबरोबर जातं,
हे मला शिकवलंय, मीही दोघांना शिकवलंय.
विश्वासानं सांगितलेलं जपावं,
हेही त्याच नियमावलीत, चार पानं पुढं.
ती चार पानं मी दुपारभर उलटत होते.

नग यादीतून काढायला कारण लागतं.
कारण होतं. देता येत नव्हतं.

सतरावर रेघ मारली, शेजारी बारीक सही.
नोंदवहीत, शेऱ्याच्या रकान्यात:
‘उजव्या मोरास डोळा नाही. दोष नाही.
कारण अभिरक्षकास ठाऊक.’
लेखापरीक्षक हसतील.
पाच वर्षांनी माझ्या खुर्चीत जे कुणी येईल
ते टॉर्च तिरपी धरून शोधेल,
सापडणार काही नाही:
दोरा जिथं वर आला नाही
तिथं कापड अगदी धड आहे.

पाचला पुन्हा आकडे. बेचाळीस. सतरा.
कल्लप्पानं यादी उजेडाकडे धरली.
‘वीसच राहिले, मॅडम.
समितीला एकवीस पाहिजेत.
सतराच्या जागी काय घालू?’

मी म्हटलं,
माठ भरून घे आधी.