कस

कोइमतूरच्या गल्लीत चौतीस वर्षं
मुशीत परक्यांचं सोनं वितळवलं.
आता लेंगऱ्यात माळवदावर खाट टाकतो
आणि लाईट जायची वाट बघतो.

हायस्कूलच्या मुलाणी बाईंनी नकाशा दिला.
उत्तरेला वृषपर्वा, त्याच्या एका कोपऱ्यात
तीन तारे, सराफकट्ट्यावरच्या दुकानांसारखे खेटून.
त्यातला एक श्वास घेतो, म्हणाल्या.
फुगतो, आवळतो.
एका फेरीला पाच दिवस, वर नऊ तासांना थोडे कमी.

म्हटलं, भाता मला शिकवू नका.
वारा घातला की जाळ झटक्यात चढतो,
उतरताना रेंगाळतो,
निखाऱ्याला कसली घाई.
हाही तसाच. दीड दिवसात वर,
मग जवळजवळ चार दिवस
उतरतच राहतो.

किती उतरला, त्याला यंत्र कशाला?
कसोटीवर बाविसाची एक रेघ,
अठराची एक,
मधे गिऱ्हाइकाचं.
डोळा सांगतो कुणाकडे झुकलंय.
इथे उजळ शेजारी जरा तांबूस, दुसरा फिका.
दुधाच्या वहीत मागल्या बाजूनं लिहितो:
मंगळवार. तांबड्याच्या दोन घरं खाली. पिवळा.
बुधवार. ढग.
गुरुवार. ढग. श्रीपतीच्या पोरीचा साखरपुडा.
शुक्रवार. फिक्याला टेकला. पिवळा.

यंदा दिवाळीनंतर तिघंही विझत चालले.
एकाच वेळी तीन भट्ट्या बंद?
बाई हसल्या नाहीत.
मिरजेला जा, म्हणाल्या.

जाळाकडे बघून बघून पिकलेला मोती
डॉक्टरनं काढला.
पौषात पुन्हा शिडी चढलो,
खाली पारूबाई शिडी धरून मला शिव्या देत होती.
वायव्येला तिघं, घासून ठेवल्यासारखे.
वही उघडली, ताडून बघितलं.
अंतर तेच. एका घराचाही फरक नाही.
डोळा गढूळ होता तेव्हा तिघंही सारखेच गढूळ होते,
रेघेशेजारी रेघ खोटी पडली नाही.

फक्त पिवळा.
दोन हिवाळे पानोपानी पिवळा लिहिलेला,
तो आता दुधात केशराची एक काडी,
तेवढाच.
बाकीचं सोनं
मीच घातलेलं दिसतंय.

एकेक पिवळा खोडला, एकाच रेघेनं.
खोडलेलं वाचता आलं पाहिजे,
धंद्याची रीत आहे.

रविवार. तांबड्याच्या तीन घरं खाली.
चढतोय.
लाईट आली.