गंधकाचं पाणी

सव्वीस वर्षं झाली, तिबिलिसीच्या या घुमटाखाली
मी पाठी घासते. हातात खरखरीत किसा.
पाणी जमिनीतून गरमच येतं, सडक्या अंड्याच्या वासाचं.
पहिल्यांदा येणारी नाक मुरडते,
मग तोच वास कोटाला लावून घरी नेते.

माझ्या हाताला चेहरे आठवत नाहीत.
आठवतात बरगड्या, टाके,
बाळंतपणाच्या पांढऱ्या रेघा,
म्त्कवारी ओसरल्यावर काठाच्या वाळूत उरतात तशा.
एक हडकुळी नर्तकी येते,
तीही पोट आत ओढून धरते.
कुणासमोर? दगडासमोर?

माक्वाला शाळेत भूगोल शिकवते.
दर गुरुवारी यायची,
पण आधी बाहेरच्या काट्यावर.
कानातले काढून, चष्मा काढून,
केसांतल्या पिना मोजून बाजूला ठेवून.
मग आकडा दिसावा म्हणून पुन्हा चष्मा.
वहीत लिहायची.
उतरला, तर मला दोन लारी जास्त.
चढला, तर तोंडाला कुलूप
आणि आठवडाभर उकडलेला कुट्टू, बिनमिठाचा.

रात्री मात्र
(तिनंच सांगितलं, दगडावर पालथी पडून;
पालथं पडल्यावर माणूस खरं बोलतो)
रात्री फ्रिजच्या उजेडात, उभ्यानं,
अख्खी खाचापुरी, थंड, चव न घेता,
चोरासारखी.
स्वतःच्याच घरात.

मी काही शिकलेली नाही. मी म्हटलं,
गरम होती तेव्हा का नाही खाल्लीस?

ती हसली नाही.
त्या हिवाळ्यात वही घेऊन आत आली,
भिजू नये म्हणून पिशवीत गुंडाळलेली.
नऊ नोव्हेंबर: अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार.
"आई गेली तो दिवस," म्हणाली.
"शेवटचं काय बोलली ते नाही इथे.
कुठला झगा होता अंगावर, तेही नाही.
मला एवढंच आठवतं, दोनशे ग्रॅम उतरले होते मी
आणि मला बरं वाटलं होतं."

मी पाणी ओतलं. दुसरं काय ओतणार.
आमच्याकडे एक शब्द आहे, गेनात्स्वाले,
म्हणजे तुझी पीडा मला लागो.
भाजीवाला म्हणतो, टॅक्सीवाला म्हणतो,
झिजून गुळगुळीत झालाय.
त्या दिवशी तो मी तिच्या पाठीला म्हटला,
तोंडाला नव्हे.

पुढे? पुढे काही चमत्कार नाही.
वही तिनं जाळली नाही.
टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली घातली म्हणते.
सकाळी भट्टीवरून पाव आणते,
वाटेतच टोक मोडून खाते, जीभ भाजेस्तोवर.
दुपारी झोपते. टेकडी चढते, दम लागला की बसते,
शहर बघते, नकाशासारखं नाही, नुसतंच.
मार्चमध्ये पुन्हा काट्यावर चढली होती.
मी पाहिलं. बोलले नाही.

बारीक झाली का गं ती, बाया विचारतात.
मला काय ठाऊक.
आधी हात लावला की पाठ आक्रसायची,
आता पसरते,
एवढं कळतं हाताला.

काल गिऱ्हाईक नव्हतं. माझा खांदा धरला होता.
ती उठली, माझ्या हातातला किसा ओढून घेतला,
म्हणाली, त्सियाला, तू झोप.
सव्वीस वर्षांत माझी पाठ कुणी पाहिली नव्हती.
मीही नाही.
आणि झोपता झोपता
पोट आत ओढलं मी. खरंच सांगते.
मीसुद्धा.

दगड गरम होता. तिला घासता येत नाही,
हात अगदीच भित्रा, खडू धरल्यासारखा.
मी म्हटलं, अगं, जोर लाव.
असं नाही. वजन टाक.
टाक सगळं.